ग्रीन मीटिंग म्हणजे काय? बैठक आणि परिषद पर्यावरणपूरक करण्याचा खरा हिशेब



'आमची परिषद पर्यावरणपूरक आहे' ही ओळ आजकाल बऱ्याच निमंत्रणपत्रिकांवर दिसते. प्रत्यक्ष तिथे गेलं की काय असतं? कागदी पिशवी, मागच्या टोकाला बी बसवलेलं पेन, प्लास्टिकऐवजी कागदी कप, आणि दीपप्रज्वलनाच्या जागी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते कुंडीतल्या रोपाला पाणी. यात वाईट काहीच नाही. पण तेच पाहुणे सकाळच्या विमानाने दिल्लीहून आले आणि संध्याकाळच्या विमानाने परत गेले असतील, तर त्या एका फेरीचा कार्बन सगळ्या पिशव्या, पेनं आणि कप यांच्या बेरजेपेक्षा सहज जास्त भरतो.

आजच्या लेखात आपण हाच हिशेब पाहणार आहोत. कार्बन नेमका कुठून येतो, तो घरच्या घरी कसा मोजायचा, ऑनलाइन सहभाग नीट जमवायचा तर हॉलमध्ये काय लागतं, आणि जेवण, वीज, फ्लेक्स यांचं काय करायचं. तंत्रज्ञानाच्या छोट्या-मोठ्या परिषदांमध्ये मी साऊंड, इंटरनेट आणि नोंदणीचं टेबल ही कामं बघत आलोय, त्यामुळे लेखाचा मधला भाग जरा तांत्रिक आहे. ज्यांना फक्त जेवणाचं बघायचंय त्यांनी थेट खाली गेलं तरी चालेल.

ग्रीन मीटिंग म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर बैठकीचा जो उद्देश आहे तो पूर्ण व्हावा, आणि त्यासाठी कमीत कमी इंधन, वीज, पाणी, अन्न आणि सामान खर्च व्हावं, मागे कमीत कमी कचरा राहावा, एवढंच. यासाठी 'आयएसओ २०१२१' नावाचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे. ते २०१२ मध्ये आलं. त्याचं मूळ ब्रिटनच्या 'बीएस ८९०१' या २००७ सालच्या मानकात आहे, जे लंडन ऑलिंपिकच्या तयारीच्या काळात तयार झालं. २०२४ मध्ये आयएसओचं मानक सुधारून पुन्हा प्रसिद्ध झालं. इथे एक गैरसमज दूर करतो. हे प्रमाणपत्र म्हणजे 'या कार्यक्रमात प्रदूषण झालं नाही' असा शिक्का नाही. आयोजकांकडे ठरवायची, मोजायची आणि सुधारायची पद्धत आहे, एवढंच ते सांगतं.

मोजताना उत्सर्जनाचे तीन भाग करतात. आयोजकाने स्वतः जाळलेलं इंधन, उदाहरणार्थ जनरेटरचं डिझेल, हा पहिला भाग. विकत घेतलेली वीज हा दुसरा. आणि तुमच्या कार्यक्रमामुळे दुसऱ्या कुणी तरी जे जाळलं तो तिसरा. लोकांचा येण्या-जाण्याचा प्रवास या तिसऱ्या भागात येतो. 'आमची परिषद कार्बन न्यूट्रल' असा दावा दिसला की मी आधी एवढंच बघतो, की यात प्रवास धरलाय का. तो धरला नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

२०० लोकांच्या परिषदेचं गणित

चला, एक काल्पनिक परिषद घेऊ. पुण्यात, एक दिवसाची, २०० माणसं. ८० जण पुण्यातलेच, ६० मुंबई-ठाण्याचे, ४० नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणांहून, आणि २० जण विमानाने नागपूर, दिल्ली, बंगळुरूहून.

हिशेबाला काही ठोकताळे लागतात. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलचा साधारण २.७ किलो. आपल्या ग्रिडच्या एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो. विमानाला प्रवाशामागे दर किलोमीटरला मी १२० ग्रॅम धरतो, एसटीला २० ग्रॅम आणि विजेवरच्या रेल्वेला १० ग्रॅम. हे आकडे गाडी किती भरलेली आहे यावर खालीवर होतात, पण आपल्याला इथे ग्रॅमचा हिशेब नको, प्रमाण हवंय.

पुण्यातले ८० जण. निम्मे दुचाकीवर, निम्मे एकेकटे कारमध्ये, जाऊन-येऊन २० किलोमीटर. एकूण साधारण १६५ किलो. मुंबई-ठाण्याचे ६० जण तिघेतिघे मिळून २० गाड्यांत आले, प्रत्येक गाडी जाऊन-येऊन ३०० किलोमीटर चालली आणि १५ चा ॲव्हरेज दिला, तर ४०० लिटर पेट्रोल, म्हणजे ९२० किलो. बाकी जिल्ह्यांतले ४० जण एसटीने, सरासरी ४६० किलोमीटर, म्हणजे ३७० किलोच्या आसपास. आणि विमानवाले २० जण, जाऊन-येऊन सरासरी १,८०० किलोमीटर, म्हणजे माणशी २१६ किलो. वीस जणांचे ४,३२० किलो.

आता हॉलकडे वळू. एसी, दिवे, साऊंड मिळून ४० किलोवॉट धरले आणि आठ तास चालवले तर ३२० युनिट, म्हणजे २२५ किलो. स्वयंपाकाला दोन कमर्शियल सिलिंडर लागले, तर १९ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे ५७ किलो, म्हणजे ११५. मुक्कामाला ४० खोल्या, खोलीमागे १० युनिट, म्हणजे २८०. आणि ज्यावर सगळ्यात जास्त चर्चा होते त्या पाण्याच्या छोट्या बाटल्या? ८०० बाटल्यांचं प्लास्टिक साधारण आठ किलो भरेल. ते तयार करायचा कार्बन २५ किलोच्या आसपास.

बेरीज येते सुमारे ६,४०० किलो. यातला ९० टक्के वाटा प्रवासाचा. आणि एकूण बेरजेतला दोन तृतीयांश कार्बन फक्त २० माणसांचा, म्हणजे एकूण उपस्थितांच्या दहा टक्क्यांचा.

या गणितात धान्य, भाज्या, दूध शेतातून येईपर्यंतचा कार्बन मी धरलेला नाही, तो धरला तर जेवणाचा आकडा वाढेल. पण चित्र उलटं होणार नाही. विमानाने येणाऱ्यांपैकी १२ जण ऑनलाइन बोलले तर जवळजवळ २,६०० किलो वाचतात. सगळ्या बाटल्या बंद केल्या तर २५.

म्हणून बाटल्या चालू ठेवायच्या का? तसं अजिबात नाही. कार्बन हे एक माप झालं, कचरा हे दुसरं. बाटली नाल्यात अडकते, कचरा डेपोवर जाते, ते नुकसान किलोमध्ये दिसत नाही. फक्त बाटल्या बंद केल्या म्हणून परिषद हिरवी झाली असं समजू नये, इतकंच.

ठिकाण आणि वेळ: इथेच निम्मं काम होतं

जगात या विषयावर बराच अभ्यास झालाय, आणि गंमत म्हणजे सुरुवात हवामान शास्त्रज्ञांनीच स्वतःच्या परिषदा मोजण्यापासून केली. अमेरिकन जिओफिजिकल युनियनची डिसेंबर २०१९ ची परिषद सॅन फ्रान्सिस्कोला झाली. सुमारे २८,००० लोक आले. 'नेचर'मध्ये २०२० साली आलेल्या विश्लेषणानुसार त्या सगळ्यांच्या प्रवासाचं उत्सर्जन सुमारे ८०,००० टन होतं, म्हणजे माणशी जवळजवळ तीन टन. तीच परिषद शिकागोला, म्हणजे देशाच्या मधल्या भागात घेतली असती तर १२ टक्के कमी झालं असतं. आणि सगळ्यात लांबून येणारे एक तृतीयांशाहून थोडे जास्त लोक ऑनलाइन राहिले असते तर तीन चतुर्थांश उत्सर्जन वाचलं असतं. म्हणजे ठिकाण बदलण्याचा फायदा आहे, पण लांबच्या विमानफेऱ्या टाळण्याचा त्याहून कितीतरी मोठा आहे.

आपल्याकडे राज्यस्तरीय म्हटलं की पुणे किंवा मुंबई हे न विचारताच ठरतं. नागपूरहून पुणे रेल्वेने जवळजवळ ८९० किलोमीटर आहे. चंद्रपूर, गडचिरोलीच्या माणसाला त्याहून जास्त. नोंदणी अर्जात पिनकोड मागवा. पहिल्या शंभर अर्जांतच कळतं की माणसं कुठून येणार आहेत. विदर्भ, खानदेश, मराठवाड्याचे लोक बरेच असतील तर जळगाव, भुसावळ, मनमाड, नाशिक हा रेल्वेचा पट्टा सगळ्यांना सोयीचा पडतो. नाशिकला घ्यायचं तर लक्षात ठेवा, नाशिक रोड स्टेशन मुख्य शहरापासून बऱ्यापैकी लांब आहे, म्हणून हॉल स्टेशनच्या बाजूला बघा, नाहीतर रेल्वेने आलेला प्रत्येक जण वेगळी रिक्षा करतो.

वेळेचंही तसंच. मुंबईत बैठक सकाळी नऊला ठेवली की पुण्याचा माणूस एक तर आदल्या दिवशी येऊन हॉटेलात राहतो किंवा पहाटे चारला गाडी काढतो. तीच बैठक साडेअकराला ठेवा. सकाळी सव्वासातच्या सुमारास पुण्याहून सुटणारी डेक्कन क्वीन साडेदहाच्या आसपास सीएसएमटीला पोचते, आणि संध्याकाळी पाचनंतर तीच परत निघते. वरच्या उदाहरणात मुंबई-ठाण्याचे ६० जण कारऐवजी रेल्वेने आले तर ९२० किलोचे २३० होतात. निमंत्रणपत्रात पार्किंगची माहिती ठळक छापतात, त्याच्या वर गाडीचं नाव, वेळ, आणि स्टेशनवरून हॉलला येणारी बस हे छापा. लोकांना सोय दिसली की ते वापरतात, माझा तरी हाच अनुभव आहे.

आणि प्रवास म्हणजे वाया गेलेला वेळ असं मानायचं कारण नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीला ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा पुण्याहून साहित्यिक आणि रसिकांसाठी विशेष रेल्वे सोडली होती, आणि गाडीतच साहित्यिक कार्यक्रम रंगले. हेतू पर्यावरणाचा नव्हता, पण कार्बनच्या हिशेबात बघा: पुणे-दिल्ली विमानाने एका बाजूला माणशी सुमारे १४० किलो, रेल्वेने १५ किलोच्या आसपास. शिवाय परिषदेत ज्या ओळखी चहाच्या रांगेत व्हायच्या त्या बर्थवर बसून आधीच झाल्या!

ऑनलाइन कुणाला बसवायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर उलटं दिलं जातं. बजेट कमी पडलं की आयोजक म्हणतात, लांबच्या विद्यार्थ्यांना लिंक पाठवा, ते ऑनलाइन बघतील. आणि २० मिनिटं बोलून निघून जाणाऱ्या प्रमुख वक्त्याला मात्र विमानाचं तिकीट.

विचार करा, समोरासमोर भेटण्याची गरज कुणाला जास्त आहे? वक्त्याची ओळख आधीपासून आहे. त्याचं भाषण रेकॉर्डिंगमध्येही तितकंच ऐकू येतं, आणि प्रश्नोत्तरं व्हिडिओवर होऊ शकतात. पण गडचिरोलीहून पहिल्यांदा पेपर वाचायला आलेल्या मुलीला त्या दोन दिवसांत एखादा मार्गदर्शक भेटू शकतो, कुठे जागा निघणार आहे ते कळू शकतं, कुणीतरी तिच्या पोस्टरपुढे दहा मिनिटं थांबून बोलू शकतं. लिंकवर यातलं काहीच होत नाही. वक्त्याच्या विमानाच्या पैशांत चार-पाच विद्यार्थ्यांचं रेल्वेचं भाडं आणि राहणं निघतं, आणि पाच जण रेल्वेने आले तरी कार्बन त्या एका विमानफेरीपेक्षा कमीच. म्हणून माझा साधा नियम: जो फक्त बोलायला येतोय त्याला पडद्यावर आणा, जो भेटायला येतोय त्याला हॉलमध्ये.

नेहमीच्या कामकाजाच्या बैठकांना हा नियम लावला तर बहुतेक बैठका पडद्यावरच जातील. सरकारी खात्यांत हे जुनं आहे, जिल्हाधिकारी कार्यालयांत एनआयसीची व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे. कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांना २०२० मध्ये केंद्राच्या कंपनी मंत्रालयाने व्हिडिओवर घ्यायची मुभा दिली. दर महिन्याचा आढावा, ज्यात प्रत्येक जण आपापला तक्ता वाचून दाखवतो, त्यासाठी दोनशे किलोमीटर गाडी चालवण्यात काही अर्थ नाही. उलट पहिली ओळख, भांडण मिटवणं, नवीन कामाची आखणी, यासाठी एकत्र बसलेलंच बरं.

हायब्रिड परिषद: खरी परीक्षा आवाजाची

२०२१ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक अभ्यास आला. त्यानुसार परिषद पूर्ण ऑनलाइन केली तर तिचा कार्बन ९४ टक्क्यांनी कमी होऊ शकतो. आणि ठिकठिकाणी नीट निवडलेली केंद्रं ठेवून, निम्म्याहून जास्त लोक प्रत्यक्ष भेटतील अशी हायब्रिड पद्धत वापरली तर दोन तृतीयांश कपात होऊ शकते. आपल्या भाषेत, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशी तीन केंद्रं, तिथली माणसं तिथेच जमतात आणि तिन्ही हॉल एकमेकांना जोडलेले.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात काय होतं? एका कार्यशाळेत मी समोर बसलो होतो, तांत्रिक बाजू दुसऱ्यांकडे होती. लॅपटॉप टेबलावर ठेवून त्याच्याच माईकवर मीटिंग चालू केलेली. ऑनलाइन बसलेल्या माणसांना पाऊण तास पंख्याचा आवाज ऐकू आला आणि मधूनमधून टाळ्या. पुढच्या वर्षी त्यातले बरेच जण 'ते ऑनलाइन नको रे बाबा' म्हणत गाडी काढून आले. म्हणजे वाचवलेला कार्बन वर्षभरात परत. म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

हॉलमध्ये साऊंडवाल्याकडे मिक्सर असतोच. वक्त्याचा माईक त्यात जातो आणि तिथून स्पीकरला. त्याच मिक्सरवर 'ऑक्स' नावाचं वेगळं आउटपुट असतं. तिथून वायर काढून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये घ्या आणि तो इंटरफेस लॅपटॉपला जोडा. मिक्सरची वायर थेट लॅपटॉपच्या माईकच्या छिद्रात खुपसू नका. मिक्सरचा सिग्नल माईकच्या सिग्नलपेक्षा खूप जास्त असतो, त्यामुळे आवाज फाटतो. इंटरफेस भाड्यानेही मिळतो.

आता दुसरी अडचण. ऑनलाइनवाला प्रश्न विचारतो, त्याचा आवाज हॉलमध्ये ऐकू यायला हवा, म्हणून लॅपटॉपचा आवाज मिक्सरमध्ये जातो. मिक्सर तो 'ऑक्स'मधून परत लॅपटॉपला पाठवतो. झालं, बिचाऱ्याला स्वतःचाच आवाज अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो आणि तो अडखळतो. यावरचा उपाय म्हणजे लॅपटॉप ज्या चॅनलवर येतो त्या चॅनलचा 'ऑक्स'चा खटका शून्यावर ठेवायचा. म्हणजे हॉलला सगळं ऐकू येतं, आणि ऑनलाइनवाल्याला त्याचा स्वतःचा आवाज सोडून सगळं. साऊंडच्या धंद्यात याला 'मिक्स मायनस' म्हणतात. साऊंडवाल्याला हे दोन शब्द आदल्या दिवशी सांगा. त्याचा चेहरा कोरा राहिला तर त्याच्यासोबत बसून एकदा लावून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

इंटरनेटचं म्हणाल तर हॉलचं वायफाय विसरून जा. २०० फोन त्यावर एकदम चढले की काहीच उरत नाही. प्रसारणाच्या लॅपटॉपला वेगळी लॅन केबल हवी. फुल एचडी व्हिडिओ पाठवायला साधारण ४ एमबीपीएस अपलोड लागतो, हातात १० असू द्या. लोक स्पीड टेस्ट करतात आणि डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात. आपल्याला इथे अपलोड बघायचाय. पर्याय म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला राऊटर खिडकीजवळ ठेवा.

स्लाइड कॅमेऱ्याने पडद्यावरून टिपू नका, थेट शेअर करा. कॅमेरा वक्त्याच्या चेहऱ्यावर असू द्या. प्रेक्षकांतून कुणीही माईक हातात आल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही, हा नियम सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच जाहीर करायचा. आणि एक माणूस असा ठेवा ज्याचं काम फक्त ऑनलाइन बसलेल्यांकडे लक्ष देणं. त्याला चहा वाटायला पाठवायचं नाही! प्रत्येक सत्रात पहिला प्रश्न ऑनलाइनचा घेतला की ती मंडळी जागी राहतात.

ऑनलाइनचा स्वतःचा कार्बन किती? लॅपटॉप आणि राऊटर मिळून ५० वॉट धरले तर सहा तासांत ०.३ युनिट, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम. नेटवर्क आणि डेटा सेंटरसाठी हा आकडा दहापट केला तरी दोन किलो. विमानाच्या २१६ किलोपुढे हे काहीच नाही. 'कॅमेरा बंद ठेवा आणि पृथ्वी वाचवा' असे मेसेज फिरतात. नेट कमी असेल तर कॅमेरा जरूर बंद ठेवा, पण पृथ्वीसाठी नको. माणसांचे चेहरे दिसले तर पुढची बैठकही ते ऑनलाइन करायला तयार होतात, त्यातून जास्त वाचतं.

जेवण: संख्या बरोबर असेल तर निम्मी लढाई

केटरर 'गॅरंटी' मागतो, म्हणजे कमीत कमी अमुक प्लेटचे पैसे द्यायचेच. आयोजक घाबरून नोंदणीचा आकडा सांगतो. मोफत कार्यक्रमाला नोंदणी केलेले बरेच जण येत नाहीत. मग संध्याकाळी भाताचं पातेलं तसंच उरतं.

इथे तंत्रज्ञान खरंच कामाला येतं. नोंदणी अर्जात 'दुपारी जेवणार का' हा प्रश्न घाला. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एकदा होय-नाही विचारा. आणि कार्यक्रमाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर क्यूआर कोड स्कॅन होतातच, तो आकडा सकाळी साडेदहाला थेट आचाऱ्याला कळवा. आमटी-भाजी तोवर झालेली असते, पण भाताची दुसरी खेप, पुऱ्या, पोळ्या हातात असतात. केटररशी आधीच बोलून ठेवायचं की गॅरंटी कमी धरू आणि वरच्या प्लेटला थोडा जास्त दर देऊ. बहुतेक जण तयार होतात.

मेन्यूत पनीरच्या दोन भाज्या, त्यावर बासुंदी, असा थाट असतो. दुधाच्या पदार्थांचा कार्बन डाळी-उसळींपेक्षा बराच जास्त. भाताच्या खाचरातूनही मिथेन निघतो. ज्वारीची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, ठेचा ठेवा. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं तेव्हा बऱ्याच परिषदांत हे ताट आलं आणि मला आठवतं, सगळ्यात आधी संपलेलं भांडं पिठल्याचंच होतं.

उरलेलं अन्न द्यायचं असेल तर ते संध्याकाळी आठ वाजता आठवून उपयोग नाही. रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवक गट आहेत, मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी सुरू केलेली रोटी बँक आहे. आदल्या दिवशी बोलून ठेवा. ताटातलं उष्टं नाही, फक्त न वाढलेलं, झाकून ठेवलेलं, ताजं अन्न द्यायचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियमही उरलेल्या अन्नाच्या वाटपाबद्दल आहेत. बाकीचा ओला कचरा खताला. डेपोवर दाबला गेला तर त्यातून मिथेन निघतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता धरून ठेवतो.

ताटं स्टीलची असली तर उत्तम, धुण्याची सोय असेल तर. नसेल तर उसाच्या चिपाडाच्या प्लेट किंवा पत्रावळी. कागदी कप मात्र नावालाच कागदी आहे. आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून चहा गळत नाही, आणि म्हणूनच तो रद्दीतही नीट जात नाही. काचेचे ग्लास सगळ्यात सोपे.

एसी, शाल आणि फ्लेक्स

एसीबद्दल थोडक्यात. ऊर्जा दक्षता ब्युरो २४ अंशांची शिफारस करतं आणि तापमान एका अंशाने वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असं सांगतं. आपल्याकडे हॉल १८ वर ठेवतात आणि सत्कारात मिळालेली शाल पाहुणे तिथेच पांघरून बसतात. शालीचा तेवढा तरी उपयोग होतो म्हणायचा! जनरेटर भाड्याने घेताना गरजेपेक्षा फार मोठा घेऊ नका, कमी लोडवर तो प्रत्येक युनिटमागे जास्त डिझेल खातो.

शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बुके. यातलं नारळ तेवढं घरी वापरलं जातं. २००९ च्या कोपनहेगन हवामान परिषदेत डेन्मार्क सरकारने प्रतिनिधींना भेटवस्तूच दिल्या नाहीत, ते पैसे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला दिले. आपल्याकडे बुकेऐवजी पुस्तक आता रुळलंय, ते चांगलंच.

फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेलं कापड. १ जुलै २०२२ पासून देशभर जी एकदाच वापरायची प्लास्टिक बंद झाली त्यात प्लास्टिकच्या प्लेट, कप, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचा थर्माकोल यांच्यासोबत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही आहेत, हे बऱ्याच आयोजकांना माहीत नसतं. महाराष्ट्रात तर मार्च २०१८ पासूनच स्वतंत्र बंदी आहे. कापडी बॅनर घ्या आणि त्यावर साल, तारीख, पाहुण्यांची नावं छापू नका. ती प्रोजेक्टरवर दाखवा. मग तोच बॅनर पाच वर्षं चालतो. आणि ती रंगीत 'नॉन-वोव्हन' पिशवी कापडासारखी दिसते, पण ती पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्लास्टिकच आहे.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी आणखी एक गोष्ट घातली: परवाना नसलेल्या जागी शंभरापेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम घ्यायचा तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा वेगवेगळा करून द्यायचा. मैदानावर मांडव टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

झाडं लावून भरपाई होते का?

कार्बन क्रेडिट विकत घेणं किंवा झाडं लावणं याला ऑफसेट म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: हे सगळ्यात शेवटी, आणि जे टाळताच आलं नाही त्यापुरतं. विमानाचा कार्बन आज हवेत जातो, रोप तो हळूहळू वर्षानुवर्षं शोषतं, तेही जगलं तर. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालणार हे ठरलेलं नसेल तर तो खड्डा आणि फोटो एवढाच हिशेब राहतो.

हॉल बुक करताना विचारायचे प्रश्न

फोनवर मी एवढं विचारतो. स्टेशन किंवा बसस्टँड किती लांब, शेवटची बस किती वाजता? एसीचं तापमान आपल्याला ठरवता येतं का, दुपारी रिकामी दालनं बंद करता येतात का? विजेचं मीटर वेगळं आहे का? असेल तर सुरुवातीला आणि शेवटी रीडिंगचा फोटो काढून ठेवा. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आणि काचेचे ग्लास आहेत का? भांडी धुवायला जागा आहे का? लॅनचा पॉइंट स्टेजजवळ आहे का? ओला कचरा कोण नेतं? आणि केटररला एक ताणकाटा आणायला सांगा. उरलेलं अन्न आणि कचऱ्याच्या पिशव्या वजन करून वहीत लिहिल्या, सोबत किती जण कशाने आले हे नोंदणी अर्जातून काढलं, की पुढच्या वर्षीच्या आयोजकांना अंदाजावर काम करावं लागत नाही.